वाघजाईला पाठ दाखवणारी मोटार

"इथं सही," मिस्टर पिटकर म्हणाले आणि त्यांनी फाउंटन पेनचं टोपण काढून पेन आबाशेठच्या बोटांत घातलं. घातलं म्हणजे अक्षरशः घातलं. कासार बांगडी भरताना हात दाबतो ना, तसा हात दाबून.

आबाशेठनं माझ्याकडं पाहिलं. मी छपराकडं पाहिलं. छपरात एक पाल होती, तीही पिटकरांचं बोलणं ऐकत थांबली होती.

"शेठ, घाई नको," मी म्हटलं.

"मिस्त्री, मोटारीच्या धंद्यात घाई नाही केली तर दुसरा करतो," पिटकर म्हणाले. "महाडचे दोन वकील माझ्या मागे लागलेत. मी म्हटलं, नो! आधी पोलादपूरचे आबाशेठ."

आता आधी ओळखपाळख सांगतो. मी गणू मिस्त्री. आबाशेठ म्हणजे पोलादपुरातले भाताचे व्यापारी, आणि मी त्यांची सर्व्हिस मोटार पोलादपूर ते महाड चालवायचो. सर्व्हिस मोटार म्हणजे त्या काळची एस.टी. समजा. फरक एवढाच, ती वेळ झाली म्हणून सुटत नसे, भरली म्हणून सुटे. महाड बंदरातून मुंबईला जाणारे चाकरमानी, त्यांच्या वळकट्या, तांदळाच्या गोण्या, कोंबड्यांचे खुराडे, एकदा तर अख्खी नवरी वऱ्हाडासकट, सगळं मी एका खेपेत नेलंय. पण ही मोटार म्हणजे एक जुनी लॉरी, आणि ती आता थकली होती. ती तारेनं, सुतळीनं आणि माझ्या शिव्यांनी एकत्र राहिली होती. ब्रेक लावायच्या आधी मी तिची परवानगी घेत असे.

म्हणून आबाशेठना नवी गाडी हवी होती. नुसती महाडपर्यंतची नव्हे. महाबळेश्वरच्या घाटात वरपर्यंत ज्या वाड्या आहेत, तिथला हिरडा, तूप आणि माणसं खाली आणायची, असा त्यांचा बेत होता. बेत झकास होता. त्यांनी मुंबईच्या एका कंपनीला तसं कळवलं, आणि कंपनीनं लॉरीऐवजी मिस्टर पिटकरांना पाठवलं.

पिटकर आले तेच एक नवीकोरी टूरर घेऊन. टूरर म्हणजे हौशी लोकांची उघडी मोटार. पाच माणसं बसणार, वर कापडी टप, पितळी दिवे, आत गुलाबदाणीसुद्धा. मुंबईहून पडावात, म्हणजे शिडाच्या होडीत, घालून ती महाड बंदरात उतरवली, तेव्हा अर्धं महाड धक्क्यावर जमलं होतं. उरलेलं अर्धं पोचेपर्यंत पिटकर पोलादपूरच्या रस्त्याला लागलेले होते. अंगात कोट, डोक्यावर हॅट, आणि तोंड असं की त्या माणसानं फणसाला दोन गोष्टी सांगितल्या असत्या तर फणसानं आपणहून काटे उतरवून ठेवले असते.

ते उतरले शेठच्याच घरी. दोन दिवस नाचणीची भाकरी आणि सुकट खाल्ली आणि प्रत्येक घासाला म्हणाले, "मुंबईत असं मिळत नाही हो!" घरात शेठच्या विधवा आत्या होत्या, भागीआत्या. स्वयंपाक त्यांचा, आणि खरं सांगायचं तर घरही त्यांचंच. शेठ फक्त तिथं राहायचे. दुसऱ्या दिवशी आत्यांनी पिटकरांना न विचारता चौथी भाकरी वाढली, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण हाताबाहेर चाललंय.

पिटकरांचा हिशेब सरळ होता. टूरर घ्या, जुनी लॉरी आम्हाला बदल्यात द्या. म्हणजे लॉरी गेली, सर्व्हिस गेली, घाटाचा बेत गेला. दारात पाचजणांची शोभेची मोटार उभी, आणि मी? मला पिटकरांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "मिस्त्री, तुम्हाला पितळी बटणांचा युनिफॉर्म!" पितळी बटणं घालून उपाशी बसायचा विचार मला फारसा पटला नाही.

आणि शेठ? शेठ हा देवमाणूस. व्यापारात पक्का, पण समोर बसलेल्या माणसाला 'नाही' म्हणणं त्याला जन्मात जमलं नाही. एकदा एक भांडी विकणारा आला तेव्हा शेठ मागच्या दारानं शेतात जाऊन लपले होते. परत आले तर ओटीवर सात परातींची उतरंड.

आता गाडीत खोट काय होती ते सांगतो. तिला मी खोट म्हणत नाही. गाडी उत्तम होती, पण सपाटीची. पेट्रोलची टाकी होती पुढच्या सीटखाली, आणि पेट्रोल तिथून आपल्या पायांनी उताराकडं वाहत इंजिनात जायचं. पंप नाही, काही नाही. सपाटीवर टाकी वर, इंजिन खाली, काम चोख. पण गाडीनं चढावर नाक वर केलं की काय होणार? इंजिन वर जाणार, टाकी खाली राहणार. ओटीवरून अंगणात पाणी ओतलं तर जातं. अंगणातून ओटीवर ओतून दाखवा! टाकी काठोकाठ भरलेली असेल तर थोडं निभावतं. पण कमी पेट्रोलावर आमचा घाट म्हणजे राम राम.

हे मी शेठना कानात सांगितलं. शेठनी ते लगेच पिटकरांना मोठ्यानं विचारलं. असा माणूस.

पिटकर हसले. "मिस्त्रींचा अनुभव जुन्या गाड्यांचा आहे. हे लेटेस्ट मॉडेल. चला, ट्रायल!"

ट्रायल त्यांनी दिली महाडच्या रस्त्यावर, सावित्रीच्या कडेकडेनं, जिथं रस्ता पाटासारखा. गाडी वाऱ्यासारखी गेली. एक बगळा आमच्या बरोबर उडत होता तो दमून झाडावर बसला. वाटेत एक लहानसा चढ लागला आणि इंजिन कण्हायला लागलं, तेव्हा पिटकर एकदम मोठ्या आवाजात विलायतेतल्या रस्त्यांचं वर्णन करू लागले. चढ संपला, वर्णनही संपलं.

आणि मग घरी येऊन ते पेन.

शेठचा हात कागदाकडं निघाला होता. मी पाहिलं, आता युक्ती पाहिजे. आत्या तेवढ्यात सुपारी कातरत बाहेर आल्या होत्या. मी सहज म्हटलं, अगदी सहज, म्हणजे कुणाशीच बोलत नाही असं, "गाडी बाकी देखणी हाय. फक्त वाघजाईला दाखवायची राहिली."

आत्यांचा अडकित्ता थांबला.

"आबा," त्या म्हणाल्या, "देवीला दाखवल्याबिगर सही करतोस रे?"

आमच्याकडची रीत सांगतो. घाटात पहिल्या मोठ्या चढावर वाघजाईचं ठाणं आहे. बैल घ्या, घोडं घ्या, गाडी घ्या, ते आधी देवीसमोर न्यायचं, तोंडासमोर तोंड उभं करायचं, नारळ फोडायचा, मग ते आपलं. घाटातून जाणारा साहेबसुद्धा तिथं हॅट काढायचा. काढली नाही तर वारा काढायचा.

पिटकरांना तर आनंदच झाला. "व्हाय नॉट! देवीचा आशीर्वाद फर्स्ट!" नारळ त्यांनीच आणला, झेंडूची माळ त्यांनीच गाडीच्या नाकावर बांधली. शेठना हायसं वाटलं, कारण सही लांबली.

निघताना मी विचारलं, "साहेब, पेट्रोल हाय ना पुरेसं?"

"मिस्त्री, ही गाडी पेट्रोल पीत नाही. नुसता वास घेऊन चालते!"

मग मी पुढं काही बोललो नाही. एवढा शिकलेला माणूस म्हणतो म्हणजे असेल.

पुढं स्टिअरिंगवर पिटकर आणि शेजारी मी. मागं शेठ आणि आत्या. आत्यांची अंगलट भरदार. त्या बसल्या तेव्हा गाडीचं मागलं अंग बसलं आणि पुढचे दिवे आभाळाकडं पाहू लागले. चढ लागायच्या आधीच आम्ही चढावर होतो.

घाट सुरू झाला. गाडी आधी गुणगुणली, मग पुटपुटली, मग तिला ठसका लागला. पिटकरांनी विलायतेतले रस्ते सुरू केले. या खेपेला चढ आधी संपेना, विलायतच संपली. एका वळणावर गाडीनं दोन आचके दिले आणि ती थांबली.

"काय झालं रे?" आत्या.

"काही नाही, आत्याबाई. इंजिन विचार करतंय."

"विचार करायला आमचा आबा हाय की. गाडी चालू दे."

पिटकर खाली उतरले, बॉनेट उघडलं, आत पाहिलं, बंद केलं. त्यांच्या तोंडावर घाम होता. आता हा माणूस काय करतो ते पाहायला मी अगदी सावरून बसलो. आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला त्याचं कौतुक वाटलं. डोळे मिचकावतो तेवढ्या वेळात त्याचा चेहरा पुन्हा उजळला.

"शेठ!" ते म्हणाले. "तुम्ही नशीबवान. आज तुम्हाला या गाडीची खास सोय दाखवतो. ही दुसऱ्या कुठल्या गाडीला नाही. अमेरिकेत डोंगरातले लोक अशीच चालवतात. चढावर उलटी!"

"उलटी?" शेठ.

"रिव्हर्स! पाठीमागं जायचा जो गियर असतो तो सगळ्यांत ताकदवान. पुढं जाते ती गाडी, आणि पाठीमागं जातो तो हत्ती!"

यात पाऊण खरं होतं. रिव्हर्सला ओढ जास्त असते. आणि गाडी उलटी चढली की टाकी वर येते, इंजिन खाली जातं, पेट्रोल सुखानं वाहतं. ही युक्ती मला ठाऊक होती. पण मला आणखी एक गोष्ट ठाऊक होती, जी पिटकरांना नव्हती. ती मी तोंडात सुपारीसारखी धरून ठेवली.

गाडी घरंगळत सपाटीवर आणली, फिरवली, आणि शेपूट पुढं करून आम्ही घाट चढू लागलो. मी मागं दुमडून ठेवलेल्या टपावर बसून ओरडत होतो, "डावं! डावं! आता उजवं! साहेब, दरी इकडं हाय!" शेठ आणि आत्या तोंड दरीकडं करून बसलेले. आत्या म्हणाल्या, "गावाला निरोप दिल्यासारखं वाटतंय रे." खाली पोलादपूरची कौलं लहान लहान होत चालली होती.

समोरून, म्हणजे आमच्या पाठीमागून, एक धनगर म्हशी घेऊन उतरत आला. म्हशींना कुठल्या अंगानं बुजावं तेच कळेना, म्हणून त्या बुजल्याच नाहीत. धनगर मात्र काठी टेकून उभा राहिला.

"शेठ, गाडी रुसून माहेराला चालली काय?"

"ट्रायल हाय," शेठ कसनुसं म्हणाले.

"मग सासरकडं तोंड कशाला केलंय?"

पिटकरांनी भोंगा वाजवला. त्याला उत्तर म्हणून एक म्हैस हंबरली. गाडी मात्र चढत होती, हे मान्य केलं पाहिजे. पिटकर मान वळवून वळवून सांगत होते, "बघा, शेठ! पॉवर! सही करायला हरकत नाही ना आता?" शेठ 'हं' म्हणाले. आत्या पिटकरांच्या मानेकडं पाहत होत्या. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळेना.

आणि आम्ही वाघजाईला पोचलो.

ठाणं वळणाच्या टोकाला, चढाच्या वरच्या अंगाला. देवी रस्त्याकडं तोंड करून बसलेली. गुरव पायरीवर विडी ओढत होता. नवी गाडी येणार हे ऐकून तो हळदकुंकू घेऊन तयार बसला होता. त्यानं पाहिलं ते काय? झेंडूची माळ नाही, पितळी दिवे नाहीत. गाडीचं बूड देवीच्या दारात येऊन थांबलं.

गुरवानं विडी विझवली.

"आबाशेठ, हे काय? देवीला पाठ दाखवता?"

आता जी गोष्ट मी सुपारीसारखी धरून ठेवली होती ती तुम्हाला कळली असेल. आमच्याकडं देवाला पाठ करायची नसते. दर्शन घेऊन परतताना म्हातारी माणसं आजही उलट पावलांनी मागं सरतात.

शेठचा चेहरा पडला. पण पिटकर! पिटकर गाडीतून उडी मारून उतरले, जोडे काढले, हॅट काढली, देवीला हात जोडले आणि गुरवाला म्हणाले, "गुरवबाबा, देवापासून माणसं जाताना कशी जातात?"

"उलट पावलांनी."

"झालं तर! ही गाडी इतकी धार्मिक की येतानाच उलट पावलांनी आली!"

गुरवानं क्षणभर विचार केला. मला खरोखर भीती वाटली की गुरवच गाडी विकत घेतो की काय.

"जाताना उलटं जायाचं, ते देवीकडं तोंड राहावं म्हणून," गुरव म्हणाला. "येताना उलटं आलं तर देवीकडं काय राहातंय? चुलीकडं बूड करून भाकरी भाजतंय का कुणी?"

"मग फिरवतो की!" पिटकर म्हणाले. "देवीला पुढूनच दाखवू. नाक अधिक देखणं आहे."

वळणावर जागा होती. त्यांनी गाडी पुढं घेतली, मागं घेतली, फिरवली, आणि मग झोकात देवीकडं तोंड करून पायरीच्या दिशेनं आणली. अंगण चढाचं. गाडीचं नाक वर झालं. माळ देवीसमोर आली, गुरवानं कुंकवात बोट बुडवलं, आणि इंजिन फुस्स करून बंद पडलं.

पिटकरांनी हँडल मारलं. चालू झालं. वीतभर पुढं आली. फुस्स.

पुन्हा हँडल. पुन्हा फुस्स.

कुंकवाचं बोट तसंच हवेत. गुरव म्हणाला, "पाठ दाखवताना धावतेय, तोंड दाखवताना मरतेय. आता मी काय बोलू?"

शेठ माझ्याकडं पाहत होते. मी पुन्हा छपराकडं पाहिलं असतं, पण तिथं छप्पर नव्हतं. शेठनी तोंड उघडलं. 'नाही' हा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला, तिथं थोडा वेळ बसला आणि परत गेला. "तसं... म्हणजे... गाडी चांगलीच..." ते म्हणाले. पिटकरांचा हात कोटाच्या खिशातल्या पेनकडं गेला.

तेव्हा भागीआत्या गाडीतून उतरल्या. त्यांनी पिटकरांनी आणलेला नारळ उचलला, देवीसमोर स्वतः फोडला, एक भकल देवीपुढं ठेवलं, एक पदरात घेतलं. आणि घाट पायी उतरू लागल्या.

"आत्याबाई!" पिटकर.

आत्या चालत्या झाल्या.

मग जे झालं ते अजून त्या घाटातली म्हातारी माणसं सांगतात. पुढं भागीआत्या चालताहेत, मागून टूरर उतारावर घरंगळत येतेय, नाक पुढं, ऐटीत. पिटकर एका हातानं स्टिअरिंग धरून अर्धे बाहेर लोंबकळताहेत. "आत्याबाई, बसा तरी! आत्याबाई, उतारावर काही प्रश्न नाही! आत्याबाई, हप्त्यानं देऊ!" मागं गाडीत शेठ एकटे, लग्न मोडून परत आलेल्या नवरदेवासारखे. मी पाय ठेवायच्या फळीवर उभा. म्हशी बाजूला झाल्या. धनगरानं काठीनं सलाम केला. "समजूत काढतोय का रे पाव्हणा?"

पायथ्याशी येऊन आत्या थांबल्या. पिटकरांनी गाडी थांबवली आणि आशेनं हॅट काढली.

"तू आमच्या घरात जेवलास," आत्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "आई हाय तुला?"

"आहे. गिरगावात."

"तिला या गाडीत बसवून हा घाट चढवशील?"

मिस्टर पिटकरांचं तोंड उघडलं. मी वाट पाहिली. शेठनी वाट पाहिली. सावित्रीनंसुद्धा वाहायचं थांबवून वाट पाहिली असेल. त्या तोंडातून काही आलं नाही. मग ते मिटलं, आणि त्या माणसाला हसू फुटलं. खरं, मोकळं हसू. दोन दिवसांत पहिल्यांदाच तो काही न विकता हसला.

"नाही, आत्या," तो म्हणाला. "आईला मी लॉरीत बसवीन."

"मग आमाला का नाय?"

"लॉरीच देतो." आणि लगेच, श्वास न घेता, "तरी मी पहिल्यापासून शेठना सांगत होतो, तुम्हाला हवी ती लॉरीच!"

लॉरी आली. टूररच्या वाटेनंच, पडावातून महाड बंदरात. हिला इंजिनाजवळ एक लहान टाकी होती, जी इंजिनाच्या ओढीनं मोठ्या टाकीतलं पेट्रोल वर शोषून घ्यायची, मग चढ असो की उतार. आत्यांच्या अटी दोन. लॉरी भाताच्या गोण्यांनी भरून वाघजाईला न्यायची, आणि तोवर पिटकरांनी गोण्यांवर बसायचं, खाली उतरायचं नाही. पिटकर कोट घालून गोण्यांवर बसले. मी चढवली. नाक पुढं करून, एका दमात, देवीच्या तोंडासमोर. गुरवानं बॉनेटवर इतकं कुंकू फासलं की पहिल्या पावसात लाल पाणी महाडपर्यंत आलं. त्याच पायरीवर शेठनी सही केली. ती करताना त्यांचा हात कुणी दाबला नाही.

ती लॉरी मी पुढं बरीच वर्षं घाटात घातली. हिरडा आणला, तूप आणलं, लग्नं लावली. टूररसुद्धा वाया गेली नाही. महाडच्या एका वकिलानं ती घेतली. घर ते कोर्ट, कोर्ट ते घर, सगळी सपाटी. तो सांगायचा, अशी गुणी गाडी जिल्ह्यात नाही. खरंच होतं त्याचं.

म्हणून मोटार घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. गाडी चढावर बघावी, भरून बघावी, आणि विकणाऱ्याला आत बसवून बघावी. 'नाही' म्हणायचं काम मात्र घरातल्या आत्येकडं द्यावं. पिटकरांकडं देवीला द्यायला उत्तर होतं. आत्याला द्यायला नव्हतं.